खोकल्याच्या औषधाचा हिवाळा

मुलुंडला थंडी पडते, हे दादर-गिरगावच्या माणसाला सांगून पटत नाही. "मुंबईत कसली गं थंडी?" म्हणून हसतात. पण आमच्या मागे डोंगर आहे. डिसेंबर सरता सरता त्या डोंगरावरून पहाटेचं जे वारं खाली उतरतं, ते खिडकीच्या फटीतून थेट गुडघ्यात शिरतं. गेल्या आठवड्यात ते आलं. नळाचं पाणी बोटांना चावलं. समोरच्या इमारतीचा वॉचमन कानांना मफलर गुंडाळून बसलेला दिसला. मी कपाटाच्या वरच्या खणातून स्वेटर काढला, डांबरगोळ्यांचा वास जाईपर्यंत झटकला, आणि का कोण जाणे, मला एकदम गोड, दाट, लालसर असा खोकल्याच्या औषधाचा वास आला. वासाला रंग असतो की नाही ठाऊक नाही. या वासाला आहे.

घरात कुणाला खोकला नव्हता. वास होता चाळीसेक वर्षांपूर्वीचा.

बाहेर हॉलमध्ये माझी सून अनुजा लॅपटॉप उघडून बसली होती. ती एका मोठ्या कंपनीत मॅनेजर आहे, हाताखाली पंधरावीस माणसं. आठवड्यातले दोन दिवस घरूनच काम करते. त्या दिवशी कंपनीने सगळ्या मॅनेजरांची शिकवणी ठेवली होती. पलीकडून एक बाई फार गोड आवाजात सांगत होत्या, भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे काय, हाताखालच्या माणसाचं मन कसं ओळखावं, त्याच्याशी नेहमी सौम्य शब्दांत कसं बोलावं. मी स्वयंपाकघरात मटार सोलत ऐकत होते. बाई काही चुकीचं सांगत नव्हत्या. तरी माझं मन त्या गोड आवाजावरून घसरलं आणि आग्रा रोडवरच्या आमच्या कारखान्यात, मॅनेजर वर्तकसाहेबांच्या केबिनच्या दारात जाऊन उभं राहिलं. वर्तकसाहेबांना गोड बोलता येत नसे. खरं तर बोलताच येत नसे.

आता त्या रस्त्याला कुणी आग्रा रोड म्हणत नाही. पण ऐंशीच्या दशकात भांडुपपासून मुलुंडच्या चेकनाक्यापर्यंत दोन्ही अंगांना कारखानेच कारखाने होते. सकाळी सातच्या आधी त्यांचे भोंगे एकामागून एक वाजत. झोपेतसुद्धा माणसाला आपला भोंगा ओळखू येई. थंडीच्या दिवसांत आम्ही बायका अंगावर शाल, शालीच्या आत डबा अशा चालत निघायचो. डब्याची ऊब पोटाला लागायची. रस्त्यावर धुकं आणि धूर यांतला फरक कळत नसे. गेटजवळच्या टपरीवर चहा पिणाऱ्या पुरुषांच्या तोंडातून वाफ निघे आणि त्याचं आम्हाला हसू येई. तेव्हा कशाचंही हसू येई.

कारखाना औषधांचा. मी बाटल्यांच्या खात्यात होते. सगळ्या बायका. पांढरा एप्रन घालायचा, केस टोपीत कोंबायचे, बांगड्या काढून डब्यात ठेवायच्या. एका टोकाला यंत्र बाटल्या भरी, बुचं लावी, मग त्या पट्ट्यावरून सरकत येत. वाटेत तपासणीचा दिवा. त्या दिव्यासमोर बसलेली बाई एकेक बाटली उजेडावर धरून बघायची. आत कचरा नाही ना, काचेला तडा नाही ना. मग पुढे सोडायची. पुढे लेबल, खोकं, पेटी. मी मॅट्रिक झालेली म्हणून त्या पट्ट्याची सुपरवायझर. हिवाळा ही आमची सुगी. पुण्या-नाशकाकडे थंडी पडली की खोकल्याच्या औषधाला मागणी चढे, ओव्हरटाइम लागे, आणि तो वास आमच्या केसांत, पदरात, भाकरीत जाऊन बसे. संध्याकाळी घरी गेले की आमचे हे लांबूनच म्हणायचे, "आली बघ बाटली."

तपासणीच्या दिव्यासमोर शैला बसायची. शैला जाधव. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतून यायची. माहेर-सासर दोन्ही साताऱ्याकडचं, पण जन्म-वाढ इथलीच. नजर अशी तेज, की केसाएवढा तंतू बाटलीत तरंगत असला तरी हात आपोआप थांबायचा. आणि तोंड त्याहून तेज. खात्यातली हसवणूक सगळी तिच्याकडे. यंत्राच्या खडखडाटावर आवाज चढवून ती नकला करायची. मालतीबाईंची, माझी, कॅन्टीनवाल्याची, साहेब लोकांची. हात मात्र चालू. मुलगा दीड-दोन वर्षांचा होता, सोन्या. सासूकडे ठेवून यायची. दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा असे, तेव्हा सगळ्या पोराबाळांना घेऊन येत. त्या वर्षी सोन्याने मालतीबाईंच्या डोक्यावरची टोपी ओढून स्वतःच्या डोक्यावर घातली आणि सगळ्या खात्यातून फिरला. नाकापर्यंत टोपी, समोरचं काही दिसत नाही, तरी चाललाय.

मालतीबाई म्हणजे मालती सावंत, कुडाळच्या. युनियनच्या आमच्या प्रतिनिधी. वयाने मोठ्या, अंगाने आडव्या, रागावल्या की मालवणीवर यायच्या. त्यांना घाबरत नसे असं एकच माणूस, आमचे जुने मॅनेजर डिकुन्हासाहेब.

डिकुन्हासाहेबांवर आमचा फार जीव. गोरे, गोल, टक्कल चमकतंय. सकाळी खात्यात शिरले की प्रत्येकीपाशी थांबणार. "क्या शैला, छोकरा कैसा है? नंदा, सास का घुटना?" कुणाचं पोर कितवीत, कुणाचा नवरा पितो, सगळं पाठ. नाताळात घरून करंज्या आणि गोड शंकरपाळ्यांसारखं काहीतरी घेऊन येत, स्वतःच्या हाताने वाटत. पण आमच्या स्टुलांना पाय टेकायला काही नव्हतं. दिवसभर पाय लोंबकळून घोट्यांना सूज येई. दर वर्षी आम्ही सांगायचो, दर वर्षी ते आमच्या पाठीवरून हात फिरवून म्हणायचे, "हो जाएगा, बेटा." आम्ही त्या हातावरच खूश. दसऱ्यानंतर ते रिटायर झाले, तेव्हा आम्ही रडलो.

त्यांच्या जागी वर्तकसाहेब आले. वय पस्तीसच्या आतबाहेर, किडकिडीत, जाड भिंगांचा चष्मा. मागे हात बांधून यायचे, पट्ट्याच्या कडेने चालायचे, मधेच एखादीच्या मागे थांबायचे. काही विचारायचे नाहीत. आपण काही सांगितलं तर म्हणायचे, "हं." बस. ना हो, ना नाही. शैलाने तिसऱ्याच दिवशी त्यांचं नाव ठेवलं, थर्मामीटर. "गप्प येतो, काखेत शिरतो, आकडा बघतो नि जातो," म्हणायची. आणि तिचं ते "हं"! चष्मा नाकावर घसरल्यासारखी मान खाली घालून असं म्हणायची, की लेबलं लावणाऱ्या बायकांचे हात डगमगत.

एका सोमवारी आम्ही आलो तर प्रत्येक स्टुलाखाली लोखंडी पायठेवणी जोडलेली. कुणी मागितली नव्हती, कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही पाय टेकले. मालतीबाई म्हणाल्या, "असात गो, कंपनीनेच दिली असतली." त्या किडकिडीत माणसाने आमच्या मागे उभं राहून आमचे लोंबते पाय बघितले होते, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. आभाराचा शब्दही कुणी काढला नाही. गोड बोलणाऱ्याचं न झालेलं कामही झाल्यात जमा होतं, आणि न बोलणाऱ्याचं झालेलंही कुणी धरत नाही, असा सगळा मामला.

दिवाळी झाली आणि सोन्या गेला. ताप आला, मेंदूत गेला म्हणे. दोन दिवस हॉस्पिटलात होता. आम्ही बायका घाटकोपरला गेलो तेव्हा शैला दारात बसली होती आणि आलेल्या प्रत्येकीला म्हणत होती, "आत या ना. चहा टाकते." तिला कुणी उठू देत नव्हतं. डिकुन्हासाहेब रिटायर झालेले, तरी बांद्र्याहून आले. तो डोंगर चढून आले. जमिनीवर मांडी घालायची सवय नसलेला माणूस जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. हे मी मुद्दाम सांगते. कारण पुढचं ऐकून कुणाला वाटेल की गोड बोलणारी माणसं वरवरची असतात. तसं नाही. त्यांचे अश्रू खरे होते.

वर्तकसाहेबही आले होते. दाराबाहेर चपलांच्या ढिगापाशी उभे राहिले. आत आले नाहीत, बोलले नाहीत. जाताना शैलाच्या नवऱ्याचा हात हातात धरला आणि तसेच थोडा वेळ थांबले. मालतीबाई पायऱ्या उतरताना म्हणाल्या, "दगड मेलो."

महिन्याभराने शैला कामावर आली. तेव्हा थंडी चांगली पडली होती. पट्टा दोन्ही पाळ्यांत चालू होता आणि त्यावरून येत होतं ते नेमकं लहान मुलांचं औषध. लेबलावर गुबगुबीत बाळाचं चित्र.

आम्ही आधीच ठरवलं होतं, तिला जपायचं. आणि जपलं. तिच्यासमोर कुणी आपल्या पोरांचं नाव काढायचं नाही. मोठ्याने हसायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत तिच्या डब्यात आपापल्या भाजीतलं घालायचं. ती उठली की "बस गं", तिने पेटी उचलली की "राहू दे, मी घेते." ज्या खात्यात यंत्रावर आवाज चढवून बोलायची रीत, तिथे नुसती यंत्रं बोलू लागली. शैला दिव्यासमोर बसायची, बाटली धरायची, सोडायची. तिच्या पुढच्या जागेवर मी मुद्दाम जाऊन बसायचे आणि तिने सोडलेली प्रत्येक बाटली पुन्हा बघायचे. कारण तिची नजर बाटलीवर असायची, पण बाटलीत नसायची. तिच्याकडून राहिलेली बाटली मी गुपचूप बाजूला काढायचे. तिला ते दिसत होतं. मला वाटलं, दिसत नाही.

मालतीबाई वर्तकसाहेबांकडे गेल्या. मीही बरोबर होते.

"साहेब, शैलाला मलमाच्या खोलीत द्या. या बाळाच्या चित्रासमोर नको."

"त्यांनी मागितलंय?"

"मागायला कशाला हवं? आम्हाला कळत नाही काय?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "हं," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून शैला मलमाच्या खोलीत गेली.

मलमाची खोली खात्याच्या टोकाला, काचेच्या दारापलीकडे. तिथे डोकेदुखीच्या मलमाच्या डब्या भरत. निलगिरी आणि पुदिन्याचा तो वास असा तिखट, की आत गेलं की प्रत्येकाच्याच डोळ्यांतून पाणी यायचं. म्हणून तिथे कुणी रडत असलं तर ओळखू येत नसे. आम्हाला वाटलं, बरी जागा आहे तिच्यासाठी. ती आणि एक जवळपास बहिरी म्हातारी, दोघीच. शैला काचेमागे मान खाली घालून बसलेली दिसायची. आम्ही येताजाता हात हलवायचो. ती हात हलवायची. काचेवर वाफ धरली की तेवढंही नाही.

आज त्या काचेची मला जेवढी आठवण येते तेवढी माझ्या माहेरच्या दाराचीही येत नाही. माणसं हाताच्या अंतरावर होती आणि मधे आमची माया होती.

एका दुपारी वर्तकसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"शैलाबाई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत, साहेब."

"बऱ्या म्हणजे?"

"वेळेवर येतात. जेवतात," मी म्हणाले.

"गेल्या आठवड्यात त्यांच्याशी कोण काय बोललं?"

मी आठवायला लागले. जेवलीस का. बस. राहू दे. मी करते. घरी जा लवकर, मी सांगते साहेबांना. एवढंच. एकही वाक्य याहून लांब नव्हतं.

मी सांगितलं. त्यांनी टेबलावरची पेन्सिल सरळ केली. मग म्हणाले, "उद्या त्यांना दिव्यावर बसवा. पूर्वीच्या जागी."

"साहेब, तिला नाही जमायचं हो अजून."

"हं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शैला दिव्यासमोर बसली. मालतीबाई धुसफुसत होत्या. मी सवयीने पुढच्या जागेवर बसले आणि तिच्या बाटल्या पुन्हा बघायला लागले. तासाभराने वर्तकसाहेब आले. मागे हात. पट्ट्याच्या कडेने चालत आले, शैलापाशी थांबले नाहीत, माझ्यापाशी थांबले. मी बाजूला काढून ठेवलेल्या बाटल्यांतली एक त्यांनी उचलली.

"ही कुणी सोडली?"

"माझ्याकडून राहिली, साहेब," मी म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं."

बाटली घेऊन ते शैलासमोर गेले. तिच्या दिव्याच्या उजेडात धरली. "शैलाबाई, काय दिसतं?"

शैलाने बाटलीवरून नजर फिरवली.

"नीट बघा."

"तंतू आहे, साहेब. पोत्याचा वगैरे."

"कुणाच्या तरी पोराच्या पोटात गेला असता."

कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. शैलाचा चेहरा पांढरा पडला. साहेबांचा आवाज मोठा नव्हता, पण कडक होता. आणि तो कापत होता, हे मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं.

"या खात्यात तुमच्यासारखी नजर कुणाची नाही. ती मला परत पाहिजे. जमत नसेल तर तोंडाने सांगा, घरी आणखी रजा देतो. पण तुमचं काम दुसऱ्यांनी लपून करायचं, हे चालणार नाही. चूक तुमची असेल तर तुम्हालाच सांगणार. दुसऱ्या कुणाला नाही."

आणि वळून केबिनमध्ये गेले. दार लावून घेतलं.

मालतीबाईंनी लाल बटण दाबलं. पट्टा थांबला. बाटल्या एकमेकींवर आपटून किणकिणल्या आणि मग जी शांतता झाली ती मी त्या खात्यात कधी ऐकली नव्हती.

"ह्यो माणूस की कोण?" मालतीबाई ओरडल्या. "पोर गेलेल्या बाईक पोराच्या नावान बोलता? चला गो सगळ्या. आज ह्याका केबिनीतून भायर येऊक देऊचा नाय."

सगळ्या उठल्या. तो काळ तसा होता. एका शब्दावरून कारखाने महिनोन्महिने बंद पडत. आज पट्टा थांबला तर उद्या गेट थांबेल, हे सगळ्यांना कळत होतं. वर्तकसाहेबांची नोकरी जाईल, हेही. आम्ही केबिनच्या दिशेने निघालो आणि मागून शैलाचा आवाज आला.

"थांबा गं."

ती उभी होती. तीच बाटली हातात.

"कुठं निघालात? खरं बोलला तो. तंतू होता बाटलीत. मी सोडली."

"शैला, बस तू बाय," मालतीबाई म्हणाल्या.

"नाय बसत!" शैला अशी किंचाळली, की मलमाच्या खोलीतली बहिरी म्हातारीसुद्धा दारात आली. "बस, बस, बस. घरी सासू म्हणते बस, नवरा म्हणतो पड जरा, इथं तुम्ही. एवढ्या दिवसांत माझ्याशी कोण बोललंय सांगा ना. चुकलं तरी राहू दे, सांडलं तरी राहू दे. मला वाटायला लागलं, सोन्याबरोबर मी पण गेले आणि तुम्हाला नुसती दिसतेय. त्यानं आज मला माझी चूक दाखवली. माझी. म्हणजे मी आहे ना अजून?"

तिने बाटली पट्ट्यावर ठेवली.

"आणि त्याचं नाव का नाय घेत गं कुणी? होता ना तो? तुम्ही बघितलाय ना सगळ्यांनी?"

मालतीबाईंचा तो आडवा देह एकदम खाली बसला, पेटीवर. टोपी काढून त्यांनी हातात धरली. "माजी टोपी घातलेली मेल्यान," त्या म्हणाल्या. "नाकापर्यंत. काय दिसा नाय तरी चलता आपलो. सोन्या."

आणि मग शैला रडली. हॉस्पिटलात रडली नव्हती, दारात बसून चहा विचारत होती, मलमाच्या खोलीत नुसते डोळे गळत होते. आता ती छाती भरून रडली. आम्ही सगळ्या तिच्याभोवती जमिनीवर बसलो आणि प्रत्येकीने सोन्याचं काही ना काही सांगितलं. दसऱ्याला कुणाचा पेढा पळवला. यंत्राच्या नारळाला हात लावून "बॉल" म्हणाला. मधेच कुणाला तरी हसू आलं. ती घाबरून गप्प झाली, तर शैलाच रडता रडता हसली.

केबिनच्या काचेतून वर्तकसाहेब बघत होते. पट्टा बंद, काम बंद. ते बाहेर आले. आम्ही उठायला लागलो तर हाताने "बसा" अशी खूण केली. "चहा आज लवकर सांगतो," एवढंच म्हणाले आणि स्वतः कॅन्टीनकडे चालत गेले.

संक्रांतीला आम्ही त्यांना तिळगूळ द्यायला केबिनमध्ये गेलो. बाकीच्या गेल्यावर मी धीर करून विचारलं, "साहेब, त्या दिवशी तुम्ही मुद्दाम बोललात ना?"

त्यांनी तिळाचा लाडू हातात फिरवला. म्हणाले, "माझा धाकटा भाऊ लहानपणी गेला. विहिरीत. तेव्हापासून घरात आईला कुणी काही बोललं नाही. भाजीत मीठ राहिलं तरी वडील गुपचूप खायचे. आम्हा पोरांना दम दिलेला, आईला त्रास द्यायचा नाही. आई हळूहळू बोलायचीच थांबली. मला वाटायचं, एकदा तरी कुणीतरी म्हणावं, अगं, मीठ नाही घातलंस." थोडं थांबून म्हणाले, "पण मला बोलायची रीत येत नाही हो. डिकुन्हासाहेबांना आली असती. आणि ते पोराच्या पोटाचं… ते बोलायचं ठरवलं नव्हतं. तोंडून गेलं. केबिनमध्ये जाऊन बसलो ते हेच म्हणत, की मी हे काय केलं. शैलाबाई मोडून पडल्या असत्या तर?"

तर काय झालं असतं, मला माहीत नाही. आजही नाही. आपल्या जिभेचा भरवसा नसलेला माणूस, तरी बोलला. त्यात शहाणपण किती आणि नशीब किती, हे मोजायला मी गेले नाही.

त्या हिवाळ्याचं उरलेलं सगळं मला सोनेरी उजेडात दिसतं. शैलाची नजर परत आली, हळूहळू. कधी एखादी बाटली राहायची आणि ती स्वतःच कपाळावर हात मारायची, "वाट लागली! थर्मामीटर येईल आता." पुढे एक दिवस तिने पुन्हा ते "हं" करून दाखवलं, आणि वळून बघते तर साहेब मागेच उभे. सगळ्या गार. साहेब म्हणाले, "मान अजून थोडी खाली." आणि निघून गेले. आम्ही इतक्या हसलो, की लेबलं वाकडी लागली.

दोन वर्षांनी साहेबांची बदली गुजरातच्या कारखान्यात झाली. निरोपाच्या दिवशी मालतीबाईंनी भाषण केलं, मग साहेब उठले, उभे राहिले, आमच्याकडे बघितलं आणि बसले. तेवढंच. त्याच्या आदल्याच वर्षी शैलाला मुलगी झाली होती. तिला मांडीवर घेऊन ती पहिल्या रांगेत बसली होती. मग कारखाना चालला चालला आणि थांबला. बायका पांगल्या. मालतीबाई गावी गेल्या आणि तिकडेच वारल्या. शैला दहिसरला राहायला गेली असं कुणीतरी सांगितलं. त्या काळी कुणाकडे फोन होते? पत्ता घ्यायचा राहिला. आता त्या जागेवर तेवीस-चोवीस मजली इमारती आहेत. बस तिथून जाते तेव्हा मी खिडकीशी बसते. खोल श्वास घेते. काही येत नाही. नुसता पेट्रोलचा वास.

शिकवणी संपल्यावर त्या दुपारी मी अनुजाला हे सगळं सांगितलं. ती मटाराची सालं गोळा करत ऐकत होती. मग उठली. तिला दुसरी मीटिंग होती.

गेल्या श्रावणात आमचे हे गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. पण तेव्हापासून माझ्या घरात सगळे हळू बोलतात. मुलगा, जो जन्मभर माझ्याशी वाद घालत आला, तो आता मी म्हणेन त्याला "बरं आई" म्हणतो. आमटी खारट झाली तर वाटीत पाणी ओतून घेतो, मला दिसू नये असा. नातू मोठ्याने हसला की अनुजा त्याला डोळ्यांनी दटावते. ह्यांचा चष्मा, ह्यांची खुर्ची, सगळं कुणीतरी माझ्या नजरेआड नेऊन ठेवलंय. फार गुणी माणसं आहेत माझी. मी हात हलवते, ती हात हलवतात.

परवा सकाळी मी गॅसवर दूध ठेवलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. डोंगरावर धुकं होतं. किती वेळ गेला कळलं नाही. जळका वास आला, मागे वळले तर दूध सगळं उतू जाऊन ओट्यावरून फरशीवर टपकत होतं. अनुजा बाथरूममधून धावत आली. ऑफिसची वेळ झालेली, केस ओले, खांद्यावर टॉवेल.

"असू दे आई," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही बसा. मी पुसते."

फडकं माझ्या हातात होतं. मी ते दिलं नाही. "ओरड की गं जरा," मी म्हणाले. मला वाटलं, हसत म्हणतेय. पण माझा आवाज भलताच निघाला.

तिने टॉवेल खांद्यावरून काढून खुर्चीवर टाकला. मग कमरेवर हात ठेवून, घरात कधी न काढलेल्या आवाजात म्हणाली, "आई, दूध ठेवून खिडकीत जाऊन उभं राहायचं म्हणजे काय? लक्ष कुठे असतं तुमचं? अर्धं पातेलं गेलं! सगळी साय वाहून गेली. बाबा असते तर चहाच्या कपावरून अख्खी बिल्डिंग डोक्यावर घेतली असती. आणि ते फडकं आधी घट्ट पिळा, सगळीकडे पाणी करताय."

नातू दात घासता घासता दारात येऊन उभा राहिला. अनुजाचे डोळे भरले होते, पण हात कमरेवरच होते.

"पिळते," मी म्हणाले. आणि फडकं घट्ट पिळून ओटा पुसायला घेतला.